चाकांवरचे घर आणि भिंतीआडची नळी

बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांना आजव्याच्या पाण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आजव्याचे तळे बांधले गेले आणि तेथून नळाने शहरात पाणी आले. घरातील तोटी फिरवली की पाणी येते, या साध्या गोष्टीमागे तलाव, जमिनीखालचे नळ आणि सांडपाण्याची गटारे असा साऱ्या नगराचा पसारा उभा असतो. घर जागचे हलत नाही, म्हणूनच त्याला या पसाऱ्याशी जोडता येते. मग घरच चालू लागले तर त्याच्या नळाचे आणि मोरीचे काय होते? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली. सहलीसाठी बांधलेल्या फिरत्या घरांचा तो इतिहास एका वेगळ्याच कारणासाठी वाचण्याजोगा आहे. जे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही, ते माणसे कसे करतात, हे त्यातून कळते.

आरंभ श्रीमंतांपासून झाला. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने 'टुरिंग लँडॉ' नावाची मोटार मांडली. तिची मागची बैठक उलगडून बिछाना होई. हात धुण्यासाठी घडीचे भांडे होते आणि शौचासाठी एक पात्र होते. नळ किंवा टाकी यांचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता, कारण पात्र रिकामे करावयास नोकर बरोबर असे. पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त मोटारी सामान्यांच्या हाती आल्या. १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे अशा हौशी प्रवाशांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' हा संघ स्थापन केला. त्यांचा मुक्काम तंबूत, पाणी बादलीत आणि बाकी सारे उघड्यावर.

१९२९ मध्ये डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांनी एक घडीचा तंबू-गाडा विकत घेतला. तो चटकन उभा राहतो, अशी त्याची जाहिरात होती. पहिल्याच मुक्कामी वादळी पाऊस आला आणि सारे कुटुंब चिंब भिजले. शर्मन यांनी मग दाबीव लाकडी तक्त्यांचा, टणक भिंतींचा गाडा स्वतःच बांधविला आणि त्याला 'कव्हर्ड वॅगन' असे नाव दिले. १९३६ पर्यंत त्यांचा कारखाना या धंद्यात अमेरिकेत सर्वांत मोठा झाला होता. शर्मन हे व्यवसायाने सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. या धंद्याचा जन्मच गळतीच्या तक्रारीतून झाला आणि ती तक्रार पुढे कधीही पूर्णपणे मिटली नाही.

त्याच १९३६ साली वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने 'क्लिपर' बाजारात आणला. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले, आकार विमानासारखा. ही घडण त्यांनी हॉली बोलस यांच्या गाड्यावरून घेतली होती. बोलस हे लिंडबर्ग यांच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे कारागीर. विमान हवेत हादरे सोसते, तसा गाडा रस्त्यावर सोसतो, ही जाण त्या बांधणीत होती. परंतु त्या काळच्या बहुतेक गाड्यांतील मोरीचे पाणी खाली ठेवलेल्या बादलीत, नाहीतर सरळ जमिनीवर पडे. मुक्कामाच्या तळांवर शेकडो गाडे जमू लागले तेव्हा आरोग्यखात्यांना हे चालण्यासारखे नव्हते. १९५७ मध्ये एअरस्ट्रीमने 'इंटरनॅशनल' हे स्वयंपूर्ण घर आणले. बाहेरची कोणतीही जोडणी न करता त्यात दिवे, पाणी आणि शौचालय चालत असे.

या स्वयंपूर्णतेचे तंत्र थोडक्यात सांगितले पाहिजे. गाड्याच्या पोटात साधारणतः तीन टाक्या असतात: एक ताज्या पाण्याची, दुसरी धुण्या-न्हाण्याच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. तेथील भाषेत दुसरीला राखाडी आणि तिसरीला काळ्या पाण्याची टाकी म्हणतात. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते, तेथे ते रोजच्या शौचालयाखाली असते! बॅटरीवर चालणारा छोटा पंप तोटी उघडताच पाणी ढकलतो. ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे १५० किलो वजन वाढते, आणि वळणावर ते हिंदकळते. मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी साठून राहते व तेच खालची दुर्गंधी अडवते. चालत्या गाडीत हे पाणी सांडले की दुर्गंधी घरात शिरते. हिवाळ्यात नळीत राहिलेले पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि नळी किंवा सांधा फुटतो. स्थिर घराला भूकंपाचा धक्का क्वचित बसतो, या घराला तो प्रत्येक खड्ड्यावर बसतो. आणि तरीही ओढणाऱ्या मोटारीसाठी ते हलके असावे लागते. बळकटी आणि हलकेपणा यांची ही ओढाताण या बांधणीच्या मुळाशीच आहे.

तिचे एक सुरेख उत्तर कॅनडात सापडले. विनिपेगच्या रे ओलेको यांनी फायबरग्लासची मैलाटाकी बनविली होती. न गळणारी, हलकी व न कुजणारी टाकी जमिनीत पुरता येते, तर तसेच घर चाकांवर का नसावे, असा विचार करून १९६८ मध्ये त्यांनी 'बोलर' हा १३ फुटी गाडा घडविला. दोन अर्धी कवचे एकमेकांस जोडलेली, त्यामुळे पाणी शिरण्यास सांधेच थोडे. त्यांचे उत्पादन १९८८ मध्ये थांबले, पण त्यांतले कितीतरी गाडे आजही रस्त्यावर आहेत. मैल्याच्या टाकीपासून शिकलेला धडा नक्षीदार खिडक्यांपेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

मोठा धंदा मात्र दुसऱ्या वाटेने गेला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे एकोणिसाव्या शतकापासून पितळी वाद्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. १९३०च्या दशकापासून तेथे गाड्यांचे कारखाने उभे राहिले आणि आज अमेरिकेतील बहुतांश फिरती घरे त्याच परिसरात बनतात. ज्या गावाने नळीतून हवा निसटू नये म्हणून इतकी काळजी घेतली, त्याच गावात पाण्याच्या नळीविषयी तक्रारी उठाव्यात, हे विचित्र खरेच. पण वाद्यातील गळती पहिल्याच फुंकरीला कळते, भिंतीआडची गळती मात्र दोन वर्षांनी. तोवर लाकडी सांगाडा कुजलेला असतो आणि हमीची मुदतही संपलेली असते.

नव्या सामग्रीचा मोह हेही एक प्रकरण आहे. १९७८ पासून पॉलिब्युटिलीनच्या करड्या नळ्या घरांत आणि फिरत्या घरांत सर्रास बसू लागल्या. तांब्यापेक्षा स्वस्त, वाकणाऱ्या, झटपट जोडता येणाऱ्या. पुढे असे दिसून आले की पाण्यातील क्लोरीनमुळे त्या व त्यांचे प्लॅस्टिकचे सांधे आतून ठिसूळ होतात. लाखो घरांत नळ्या फुटल्या, खटले झाले आणि १९९५ मध्ये उत्पादकांना किमान ९५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. त्यांची जागा 'पेक्स' या आंतरजोड पॉलिथिलीनच्या नळ्यांनी घेतली. त्या खरोखरच सरस आहेत. तथापि नळी कितीही उत्तम असली तरी सांधा माणसाचा हात करतो. कडी नीट न दाबता भिंत बंद केली, तर उत्तम नळीही गळतेच.

मग नियमांचे काय? १९७४ मध्ये उत्पादकांच्या संघटना एकत्र येऊन एक उद्योगसंघ झाला. गाड्यांसाठी आग, गॅस, वीज व नळकाम यांविषयी प्रमाणे आहेत आणि संघाचे निरीक्षक कारखान्यांना अचानक भेटी देतात. परंतु ही प्रमाणे मुख्यतः सुरक्षिततेची आहेत. काम किती नीटनेटके, किती टिकाऊ, हे ती मोजत नाहीत. शिवाय अनेक कारखान्यांत काम अंगावर दिलेले असते. ठरलेल्या संख्येएवढे गाडे झाले की सुटी. अशा ठिकाणी कामगाराला दोष देणे सोपे, पण घाईला मोबदला देणारा हात वेगळाच असतो.

घाईची किंमत २००५ नंतर सर्वांना दिसली. कॅटरिना वादळानंतर बेघरांसाठी सरकारने एक लाखाहून अधिक गाडे व फिरती घरे पुरविली. सुटीच्या चार दिवसांसाठी बांधलेल्या भिंतींत कुटुंबे वर्षानुवर्षे राहू लागली. डोळ्यांची जळजळ, खोकला, श्वासाचा त्रास अशा तक्रारी आल्या. २००७-०८ मध्ये सरकारी रोगनियंत्रण केंद्राने ५१९ घरांची हवा तपासली तेव्हा स्वस्त लाकडी तक्त्यांतील डिंकातून येणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचे सरासरी प्रमाण एक अब्ज भागांत ७७ भाग निघाले, सामान्य घरांपेक्षा कितीतरी अधिक. २०१० मध्ये अशा तक्त्यांसाठी कायदा झाला. तोवर ती हवा ज्या मुलांच्या छातीत गेली, ती गेलीच.

यानंतरही चक्र थांबले नाही. २००९च्या मंदीत साऱ्या उद्योगाचे उत्पादन १ लाख ६६ हजारांच्या आसपास घसरले. त्या वर्षी एल्कहार्ट परिसरात जवळजवळ पाचातला एक माणूस बेकार होता. २०२१ मध्ये, महासाथीच्या काळात, तेच उत्पादन ६ लाखांवर गेले. बारा वर्षांत साडेतीन पटींहून अधिक वाढ! कुशल हात मात्र त्या वेगाने तयार होत नाहीत.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. आपल्या रस्त्यांवरही अशी घरे धावू लागतील आणि ती धावावीतही. त्या वेळी गादीची मऊ बैठक आणि दूरचित्रवाणीचा पडदा पाहून कोणी भुलू नये. गाड्याखाली वाकून टाकीचे आधार पाहावेत, मोरीखालचे दार उघडून सांध्यांवर हात फिरवावा, मैला कोठे रिकामा करणार, हे विचारावे. आपल्या जुन्या वाड्यांच्या मोऱ्या आणि पन्हळी ज्यांनी बांधल्या, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. तरी पावसाळ्यात भिंती कोरड्या राहिल्या, हीच त्यांच्या कामाची पावती होती. दिसते तसे नसते, ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. घरांविषयीही ती तितकीच खरी आहे, मग ते घर जागच्या जागी उभे असो की चाकांवर धावणारे.