कापूस, तार आणि आणखी एक गिटार

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास सांगायला बसलं की लोक अमेरिकेतल्या कारखान्यांपासून सुरुवात करतात. अकोला-अमरावतीच्या माणसाने ती कापसापासून करायला हरकत नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरीकडून कापूस हवा होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत तो होता. चार वर्षं भाव असे चढले की इथल्या शेतकऱ्यांनी नांगराचे फाळ आणि बंडीच्या चाकांच्या धावा चांदीच्या करून घेतल्याच्या कथा आजही सांगतात. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात ते उगाच नाही. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण कापसाची व्यवस्था उभी राहिली ती राहिलीच. १८६७ मध्ये अकोला, बडनेरा करत रूळ नागपूरला पोचले. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली.

त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला मिसिसिपीचा कापूस होता. तिथले गुलाम कायद्याने मुक्त झाले, पण जमीन मालकाचीच राहिली. मग बटई आली. बियाणं उधार, पीठमीठ उधार, आणि हंगाम संपला की मालकाच्या वहीत अजून थोडं कर्ज. हे वर्णन वाचून आपल्याकडच्या कुणाला नकाशा उघडावा लागणार नाही.

या शेतांमध्ये ब्लूज वाढलं. तिथली पोरं झाडूला बांधलेली तार सोडवून ती भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली बाटली सरकवायची आणि वाजवायची. या एकतारी वाद्याला ‘डिडली बो’ म्हणतात. पुढे मोठे झालेले कित्येक ब्लूज वादक याच्यावरच पहिल्यांदा सूर शोधायला शिकले. आपल्याकडे शाहिराच्या मागे वाजणारं तुणतुणंही एकाच तारेचं, आणि भजनातली एकतारीही. गाद्या पिंजायला येणारा पिंजारी धुनकीची तात छेडायचा तेव्हा कापूस उडायचा आणि सूरही निघायचा. कापसाच्या दोन मुलखांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण गरिबाचं वाद्य दोन्हीकडे एका तारेत भागत होतं.

एका तारेपासून ‘माझ्याकडे चार आहेत आणि पाचवी कार्टमध्ये आहे’ इथपर्यंत आपण कसे आलो, हा या लेखाचा प्रश्न आहे. चार माझ्याकडेच आहेत. पाचवीवर येऊच.

आवाजाची गरज

मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या शेतावर राबणारा माणूस. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या बारमध्ये गर्दी, गोंगाट, ग्लासांचा आवाज. साधी गिटार दुसऱ्या टेबलापर्यंतही पोचेना. इलेक्ट्रिक गिटार त्याने हातात घेतली ती या अडचणीपायी.

वाद्य तोवर तयार होतं. जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये बाजारात आणलेली गिटार अॅल्युमिनियमची होती. गोल बूड आणि लांब दांडा, अगदी तव्यासारखी. तिचं टोपणनावही ‘फ्राइंग पॅन’. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाइयन गिटार होती. त्याच घराण्यातलं वाद्य पुढे व्हॅन शिपलींसारख्या वादकांनी हिंदी गाण्यांच्या धून वाजवून आपल्या रेडिओवर घरोघरी नेलं.

आतली करामत बारावीच्या भौतिकशास्त्रातली आहे. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे, स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये ते आठ हजारांच्या आसपास असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला नियम तो हाच. ती वीज अॅम्प्लिफायर वाढवतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो.

यातून एक मोठी गोष्ट घडली, आणि पुढची सगळी खरेदी तिच्यातून निघाली. तंबोऱ्याला भोपळा लागतो, सतारीला लागतो, साध्या गिटारला पोकळ पेटी लागते, कारण आवाज तिथे घुमून मोठा होतो. वाद्याचा आकार आवाजाने ठरवलेला असतो. पिकअप आल्यावर घुमण्याचं काम अॅम्पकडे गेलं आणि लाकडाचं अंग कुठल्याही आकाराचं, कुठल्याही रंगाचं चालू लागलं. वाद्य पहिल्यांदाच फॅशनला मोकळं झालं.

मॉडेलचं वर्ष

लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा. गिटार वाजवायला तो कधीच शिकला नाही. म्हणूनच असेल, त्याने गिटारकडे यंत्र म्हणून पाहिलं. मान अंगाला सरसाने न चिकटवता स्क्रूने जोडली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. १९५०-५१ मध्ये टेलिकास्टर आली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. मधे १९५२ मध्ये गिब्सनने लेस पॉल काढली. दहा वर्षांच्या आत या वाद्याचे जवळजवळ सगळे मूळ नमुने तयार झाले. आजही बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी त्यांच्याच नातेवाईक आहेत.

पण नमुने झाले तरी कारखाना थांबत नाही. फेंडरने मोटारींचे रंग आणले. ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा कॅडिलॅकचा निळा होता. मोटारीसारखंच साधं मॉडेल, वरचं मॉडेल, त्याच्याही वरचं मॉडेल. मिरजेशी तुलना करून पाहा. तिथे एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या आणि गावाचं नाव देशभर केलं. तिथला कारागीर गायकाची पट्टी विचारतो आणि त्याप्रमाणे तंबोरा लावून देतो. जवारी बिघडली की तंबोरा परत येतो, घोडी पुन्हा घासली जाते आणि तोच तंबोरा पुढच्या पिढीकडे जातो. त्याला ‘यंदाचं मॉडेल’ नसतं.

दुसरं वळण १९६५ चं. सीबीएस या कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. पुढच्या काही वर्षांत वादक कुजबुजू लागले की आता पूर्वीसारखा माल येत नाही. ‘सीबीएसच्या आधीची’ हा शब्दप्रयोग तिथून निघाला. तिकडे गिब्सनने १९५८ ते ६० मध्ये काढलेली लाल-पिवळी सनबर्स्ट लेस पॉल खपेना म्हणून बंद केली होती. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने तीच घेऊन जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ अल्बमवर जो आवाज काढला, त्यानंतर सगळे ती शोधायला लागले. दुकानात पडून राहिलेल्या त्या गिटारीला आज लाखो डॉलर पडतात.

म्हणजे आता हाव दोन्ही बाजूंनी ओढत होती. नवीन हवी, कारण ती नवीन आहे. जुनी हवी, कारण तशी आता होत नाही. मधे कुठे थांबायचं?

गॅस

या ओढीला नाव मिळालं १९९४ मध्ये. स्टीली डॅन या बँडचा वॉल्टर बेकर याने ‘गिटार प्लेअर’ मासिकात गंमत म्हणून एक आजार जाहीर केला, ‘गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम’. आद्याक्षरं जोडली की ‘गॅस’. गिटारवाल्यांना हा शब्द इतका पटला की आज तो कॅमेरेवाले आणि सिंथवालेही वापरतात. किती गिटारी असाव्यात याचं सूत्रही ठरलेलं आहे. आत्ता एन असतील तर एन अधिक एक. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर हा थांबण्याची अट न लिहिलेला लूप आहे.

आपल्याकडे ती अट सरकारने लिहिली होती. आयात परवान्यांच्या काळात परदेशी इलेक्ट्रिक गिटार मिळवणं म्हणजे जहाजावर काम करणारा ओळखीचा माणूस शोधणं. सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड आज ऐकल्या तर त्या पोरांची भूकही ऐकू येते. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. ती गिटार कोट्यवधी लोकांनी ऐकली, पण तसलं वाद्य जवळून पाहिलेले फार थोडे असतील.

टंचाईतून महाराष्ट्राने स्वतःचं इलेक्ट्रिक तंतुवाद्य मात्र काढलं. बँजो. त्याचा अमेरिकन बँजोशी फक्त नावापुरता संबंध. मूळ जपानचं ‘ताइशोगोतो’, नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये बनवलेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं. भारतात ते बुलबुलतरंग झालं. मग कुणीतरी त्याला पिकअप लावला, भोंगे जोडले, आणि ते गणपतीच्या, जयंतीच्या, लग्नाच्या मिरवणुकीत आलं. मडी वॉटर्सची शिकागोत जी अडचण होती तीच यांची भर चौकात, ढोल-ताशाच्या शेजारी. उत्तरही तेच. बँजो पार्टीकडे बँजो एखाद-दुसराच असतो आणि तो वर्षभर पोट भरतो.

१९९१ नंतर दारं उघडायला लागली. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंधही गेले. माझी पिढी कळती झाली तेव्हा गिटार परवान्याची वस्तू राहिली नव्हती, हप्त्यावर मिळणारी झाली होती. अमरावतीत इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, आणि रात्री साडेअकराला फोनवर गिटारींचे व्हिडिओ. सध्या बरी म्हणावी अशी गिटार चाळीस हजारांना येते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे एक गिटार जवळपास पाच क्विंटल कापसाची. आमच्या दर्यापूरकडच्या कोरडवाहू एकरात बऱ्या वर्षी साधारण तेवढाच निघतो.

हा हिशेब बाबांनी कधी मांडला नाही. पुण्याला आले तेव्हा भिंतीवरच्या चौघींकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, “चार कायले रे? हात त दोनच हायेत.” मी त्यांना सिंगल कॉइल आणि हंबकरमधला फरक वाजवून दाखवला. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला. “हौ, फरक हाय,” म्हणाले. मग म्हणाले, “पन गानं एकच हाय ना?”

सगळा दोष बाजाराचा?

कारखाना, जाहिरात, हप्ते यांनी ही हाव तयार केली असं म्हणून लेख संपवता आला असता. पण मग दिनकर केळकरांचं काय करायचं?

पुण्यात चष्म्यांचा घरचा धंदा असलेला हा माणूस ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहायचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला घेतल्या. अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपं, वज्र्या, वाद्यं. यातलं काहीच कुठल्या कंपनीने त्यांच्या गळ्यात मारलं नव्हतं. उलट लोक जे अडगळीत टाकत होते ते मिळवायला ते गावोगाव फिरत होते. १९६० पर्यंत संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या आसपास गेला होता. एन अधिक एक तिथेही होतंच. मग बाजाराशिवायही ही ओढ माणसात असते, हे मान्य करावं लागतं.

फरक कुठे आहे? केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्यांनी त्याचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने २०१९ मध्ये न्यू यॉर्कला आपल्या शंभराहून अधिक गिटारी लिलावात काढल्या. त्यात १९७० मध्ये घेतलेली, जगभर ऐकलेली काळी स्ट्रॅटही होती. ती एकटी ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. लिलावाचे सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर त्याने हवामान बदलाविरुद्ध लढणाऱ्या संस्थेला दिले. दोघांनीही लूपला स्वतःच्या हाताने अट लिहिली. मिळवण्याचा छंद त्या दिवशी दुसऱ्यांच्या उपयोगाचा झाला.

आणि बी. बी. किंग. १९२५ चा जन्म, मिसिसिपीतच, कापूस वेचलेला माणूस. १९४९ च्या हिवाळ्यात ट्विस्ट नावाच्या गावातल्या नाचघरात तो वाजवत होता. दोन माणसांच्या मारामारीत रॉकेलची शेगडी उलटली आणि आग लागली. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की गिटार आतच राहिली, आणि तो जळत्या घरात परत शिरला. मारामारी लुसिल नावाच्या बाईवरून झाल्याचं त्याला नंतर कळलं. पुन्हा असा वेडेपणा करू नये म्हणून त्याने गिटारीचं नाव लुसिल ठेवलं. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत त्याने कितीतरी गिटारी वाजवल्या. नाव प्रत्येकीचं लुसिलच. गिटारी अनेक असल्या तरी त्याच्या लेखी वाद्य एकच होतं.

आमच्या जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी हातातल्या खंजिरीवर गावंच्या गावं जागी ठेवली. १९५५ मध्ये जपानला गेले तेव्हाही भजनाला साथ तिचीच. त्यांच्याशी आपली बरोबरी नाही, आणि खंजिरीवाल्याने गिटारवाल्याला उपदेश करावा असंही नाही. चार गिटारींतून मला चार वेगळे आवाज मिळतात आणि ते मला आवडतात. पण बाजारात मॉडेलं संपत नाहीत आणि एकरात पाचच क्विंटल निघतात, तेव्हा थांबायची अट आपल्यालाच लिहावी लागते. मी माझ्यापुरती लिहिली आहे. चारींपैकी जी महिनाभर खाली उतरली नाही, ती आधी एखाद्या शिकणाऱ्या पोराकडे जाईल. पाचवीचं त्यानंतर बघू.