कोण होता लॉर्ड इंचकेप? हिंदुस्थानचा समुद्र मुठीत ठेवणारा स्कॉटिश कारकून आणि त्याला भिडलेला सोलापूरचा माणूस

जळगाव स्टेशनपासून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. धुळ्याला ना बंदर, ना खाडी. मग शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये बसून जहाजं चालवणाऱ्या एका स्कॉटिश माणसाशी खान्देशचा संबंध काय?

संबंध कापसाचा आहे.

खान्देशातली रुई जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी होऊन निघायची, रेल्वेने मुंबईला जायची आणि तिथून जहाजाने परदेशी. परदेशातल्या भावातून जहाजाचं भाडं, विमा, दलाली, रेल्वेचा खर्च वजा होत होत जे उरेल, त्यातून गावच्या बाजारातला भाव ठरायचा. जहाजाचं भाडं वाढलं की त्याचा भार शेवटी बांधावरच्या माणसावर येण्याची शक्यता मोठी. आणि हे भाडं ठरवणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये सर्वात बलाढ्य नाव होतं जेम्स लायल मॅके, म्हणजेच लॉर्ड इंचकेप.

खान्देशचा कापूस समुद्रावर कसा गेला?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे खान्देशातून पुढे गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली.

या कालव्याने शिडाच्या जहाजांचं मोठं नुकसान केलं. तांबड्या समुद्रातले वारे शिडांना साथ देत नसत. त्यामुळे कालव्याचा खरा फायदा वाफेवर चालणाऱ्या आगबोटींना मिळाला. ज्यांच्याकडे आगबोटी, त्यांच्याकडे व्यापाराची किल्ली.

१९०० साली चाळीसगाव-धुळे रेल्वे फाटाही सुरू झाला. मुंबईच्या कापूस बाजारात ‘खान्देश’ हे कापसाच्या एका जातीचं नाव म्हणून चालत होतं. आखूड धाग्याच्या या स्वस्त कापसाला पुढे जपानी गिरण्या मोठं गिऱ्हाईक ठरल्या.

पोरका मुलगा ते कलकत्त्याचा साहेब

जेम्स मॅकेचा जन्म ११ सप्टेंबर १८५२ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावातला. वडील जहाजावरचे कप्तान. आई-वडील दोघांचंही छत्र लहानपणीच हरपलं. शाळा लवकर सुटली आणि कारकुनी सुरू झाली. पुढे लंडनमध्ये एका जहाज कंपनीच्या कचेरीत काम मिळालं आणि १८७४ मध्ये तो कलकत्त्याला आला, मॅकिनन मॅकेंझी कंपनीत.

ही कंपनी स्थापन करणारा विल्यम मॅकिनन हाही स्कॉटिश. तो १८४७ मध्ये हिंदुस्थानात आला. १८५६ मध्ये त्याने कलकत्ता-रंगून आगबोट सेवेसाठी कंपनी काढली आणि तिचीच पुढे १८६२ मध्ये ‘ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ झाली. टपाल नेण्याची सरकारी कंत्राटं हा तिचा आधार होता. कराचीपासून रंगूनपर्यंतची बंदरं आणि पुढे इराणचं आखात, पूर्व आफ्रिका अशी तिची जहाजं फिरू लागली.

मॅकेला संधी मिळाली ती दुसऱ्याच्या दिवाळ्यातून. १८७८ मध्ये स्कॉटलंडमधली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्यासोबत ब्रिटिश इंडियाचं मुंबईतलं काम पाहणारी निकोल कंपनीही कोसळली. मुंबईची घडी बसवायला २६ वर्षांच्या मॅकेला पाठवण्यात आलं. त्याने ती बसवली आणि त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सचा अध्यक्ष झाला, मग व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलचा सभासद.

रुपयाच्या भांडणात मॅके कुठे होता?

त्या काळी रुपया चांदीचा होता आणि जगात चांदी स्वस्त होत चालली होती. म्हणजे पौंडाच्या तुलनेत रुपया घसरत होता. याचा फटका कोणाला? पगार आणि नफा विलायतेला पाठवणाऱ्या इंग्रजांना, आणि लंडनला पौंडात पैसे भरणाऱ्या हिंदुस्थान सरकारला. फायदा कोणाला? माल परदेशी विकणाऱ्याला, कारण त्याच पौंडाचे जास्त रुपये मिळत.

मॅकेने चलन बदलासाठी संघटना उभारून जोरदार मोहीम चालवली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. पूर्वी कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, ते थांबलं. पुढच्या काही वर्षांत रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला.

दादाभाई नौरोजींसारख्या टीकाकारांनी या धोरणावर कडाडून हल्ला केला. निर्यातदाराला प्रत्येक पौंडामागे कमी रुपये मिळणार होते. शिवाय शेतकऱ्याच्या घरातले चांदीचे दागिने ही त्याची अडीनडीची ठेव होती. चांदीचा भाव रुपयाच्या मानाने उतरला की ती ठेवही हलकी होत होती.

दोन कंपन्या, एक मालक

१८९३ मध्ये मॅकिनन वारला. मॅके लंडनला परतला आणि हळूहळू सगळी सूत्रं त्याच्याकडे आली. १९११ मध्ये त्याला लॉर्ड किताब मिळाला. त्यासाठी त्याने आर्ब्रोथजवळच्या समुद्रातल्या, जहाजांचा काळ म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या एका खडकाचं नाव घेतलं : इंचकेप.

१९१४ मध्ये ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या दोन बड्या कंपन्यांचं विलीनीकरण झालं. दोन्ही मिळून सुमारे २०० जहाजं. लवकरच इंचकेप पी अँड ओचा अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर त्याने एकेक कंपनी ताब्यात घेतली. १९२० च्या दशकात या समूहाकडे जवळपास ५०० जहाजं होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत त्याच्या परवानगीशिवाय नव्याने पाय ठेवणं जवळपास अशक्य झालं.

‘डिफर्ड रिबेट’ हा सापळा कसा चालायचा?

एवढी पकड नुसत्या जहाजांच्या संख्येने येत नाही. तिच्यामागे एक साधी पण घट्ट युक्ती होती. एका मार्गावरच्या कंपन्या एकत्र येऊन ‘कॉन्फरन्स’ करायच्या, म्हणजे सगळ्यांचं भाडं एकच. १८७५ मध्ये इंग्लंड-कलकत्ता मार्गावर अशी कॉन्फरन्स झाली आणि दोन वर्षांत तिथे सुटीची पद्धत आली.

एक कल्पित उदाहरण पाहू. एका व्यापाऱ्याने सहा महिन्यांत कॉन्फरन्सच्या जहाजांना १०,००० रुपये भाडं दिलं. त्याला १० टक्के, म्हणजे १,००० रुपये परत मिळणार. पण लगेच नाही. पुढचे सहा महिनेही त्याने सगळा माल याच जहाजांतून पाठवला, तरच. मध्ये एक गाठ जरी दुसऱ्या कंपनीच्या जहाजात चढवली, तरी साठलेली सगळी सूट बुडाली.

एक मुदत संपेपर्यंत पुढच्या मुदतीची सूट साठायला लागलेली असायची. त्यामुळे व्यापाऱ्याचे पैसे कायम कंपनीकडे अडकलेले. नव्या कंपनीने कितीही स्वस्त भाडं सांगितलं, तरी जुने पैसे सोडून कोण जाणार?

आणि तरीही कोणी आलंच, तर दुसरं हत्यार तयार असायचं : भाडेयुद्ध. समोरचा बुडेपर्यंत दर पाडायचे आणि तो बुडाला की परत चढवायचे. शेकडो जहाजांच्या कंपनीला एका मार्गावरचा तोटा सोसतो. चार जहाजांच्या कंपनीला नाही.

आधी लढले ते दोघे

१८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-जपान मार्गावर ‘टाटा लाइन’ सुरू केली. पी अँड ओने भाडं टनाला दोन रुपयांच्याही खाली आणलं. टाटा लाइन थोड्याच काळात बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली आणि पुढे कॉन्फरन्समध्येच सामील झाली.

१९०६ मध्ये तुतिकोरीनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर ब्रिटिश इंडियाला आव्हान दिलं. ब्रिटिश इंडियाने तिकीट इतकं पाडलं की शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री भेट, असा प्रकार झाल्याचं सांगितलं जातं. १९०८ मध्ये चिदंबरम यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं गेलं. ते १९१२ च्या अखेरीस बाहेर आले, तोवर कंपनी संपलेली होती.

आणि मग वालचंद आले

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घराणं व्यापारी जैन. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत रेल्वेची कंत्राटं घेत ते मोठे झाले. १९१९ मध्ये त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला आहे. युद्धकाळात ते रुग्णालय जहाज म्हणून वापरलं गेलं होतं.

वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी मिळून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. १८९१ सालचं हे जुनं जहाज पुढे परवडेना आणि भंगारात गेलं. तोवर कंपनीने इंग्लंडमधून सहा मालवाहू जहाजं विकत घेतली होती.

ठरल्याप्रमाणे भाडेयुद्ध सुरू झालं. रंगूनहून येणाऱ्या तांदळाचं भाडं निम्म्याहून खाली पाडलं गेलं. सिंदिया तोट्यात बुडू लागली. इंचकेपने कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. संचालकांनी नकार दिला.

१९२२-२३ मध्ये इंचकेप हिंदुस्थानात होता, तो सरकारी खर्च कपात समितीचा अध्यक्ष म्हणून. या समितीने सुमारे १९ कोटी रुपयांची कपात सुचवली. याच काळात सिंदियाशी बोलणी झाली आणि १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावरची मालवाहतूक करावी, प्रवासी नेऊ नयेत, परदेशी मार्गावर जाऊ नये आणि जहाजांची क्षमता ७५,००० टनांपुढे नेऊ नये, अशा अटी होत्या.

अटी अपमानकारक होत्या. पण टाटा लाइन आणि स्वदेशी कंपनीला जे जमलं नव्हतं, ते सिंदियाला जमलं. ती जिवंत राहिली.

पुढची लढाई कायदेमंडळात गेली. १९२८ मध्ये एस. एन. हाजी यांनी किनाऱ्यावरचा व्यापार हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक मांडलं. इंचकेप आणि त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं होतं की खुल्या स्पर्धेत सरकारने पडू नये. विरोधक विचारत होते की कॉन्फरन्स आणि अडकवलेली सूट असताना स्पर्धा खुली कुठे आहे? विधेयक काही पार पडलं नाही.

मुलीचा घाव

एवढ्या मोठ्या माणसाला मोठा धक्का घरातूनच बसला. १८९३ मध्ये सिमल्यात जन्मलेली त्याची मुलगी एल्सी आधी मूकपटांची नटी आणि मग वैमानिक झाली. १३ मार्च १९२८ रोजी ती कॅप्टन हिंचलिफसोबत इंग्लंडहून अटलांटिक पार करायला निघाली. दोघेही परत आले नाहीत. तिच्या नावाने इंचकेप कुटुंबाने पाच लाख पौंड ब्रिटिश सरकारकडे निधी म्हणून दिले.

१९२९ मध्ये इंचकेपला अर्ल हा किताब मिळाला. २३ मे १९३२ रोजी मोनाकोजवळ स्वतःच्या ‘रोव्हर’ नावाच्या नौकेवर तो वारला.

शेवटी जिंकलं कोण?

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेलं ‘जल उषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. ५ एप्रिल हा लॉयल्टीच्या प्रवासाचा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पण सिंदियाचं वैभवही टिकलं नाही. नंतरच्या दशकांत ती डबघाईला आली. ब्रिटिश इंडिया पी अँड ओमध्ये विरघळली आणि पी अँड ओ २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये मात्र मॅकिनन मॅकेंझी बिल्डिंग आणि सिंदिया हाऊस या दोन्ही इमारती एकाच परिसरात आजही उभ्या आहेत.

राहिला खान्देश. आज जळगावची केळी थंड कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरामार्गे आखाती देशांत जातात. जगातली बहुतांश कंटेनर वाहतूक आजही मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात आहे. २०२१ मध्ये कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी वाढलं, तेव्हा देशभरातले निर्यातदार हवालदिल झाले होते. बाजारभावाची चर्चा होते तेव्हा पाऊस, साठा आणि सरकारी धोरण यांचा विचार होतो. जहाजाचं भाडं कोण ठरवतं, हा प्रश्न मात्र अजूनही कमीच विचारला जातो.