पेला आणि पंगत
घरगुती कॉफीयंत्राचा पूर्वेतिहास

पेडण्यातील एखाद्या लग्नाचा स्वागतसमारंभ असो किंवा डिचोलीतील मुंजीची संध्याकाळ असो, मंडपाच्या एका कोपऱ्यातून वाफेचा दीर्घ फूत्कार ऐकू येतो आणि मुले तिकडे धाव घेतात. तेथे एक पिंपासारखे यंत्र उभे असते. पेल्यात साखर आणि झटपट विरघळणारी कॉफीची पूड आधीच घोटून ठेवलेली असते. तीवर दूध ओतायचे, वाफेची नळी त्यात बुडवायची आणि फेस काठाशी आला की वरून चिमूटभर पूड भुरभुरवायची. या पेयाला आपण सर्वजण 'एस्प्रेसो' म्हणतो. ते गोड असते, गरम असते, आणि अनेकांच्या बालपणीच्या आठवणी त्याच्याशी बांधलेल्या आहेत. परंतु ज्या इटली देशातून हे नाव आले, तेथील माणसाने हा पेला पाहिला तर यात एस्प्रेसो कोठे आहे, असे तो विचारील.

हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम घेत आहोत. एस्प्रेसोचे घरगुती यंत्र घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यावे तर कोणते, अशी चर्चा अलीकडे आपल्याकडील कित्येक घरांतून ऐकू येते. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पेडण्याच्या किनाऱ्यावरील गावांत अशी यंत्रे उपाहारगृहांतून सर्रास दिसतात. ती पाहून घरच्या तरुण मंडळींना ओढ वाटणे स्वाभाविक आहे. वस्तू घेण्यापूर्वी तिचे कूळ पाहावे, ही आपली जुनी रीत. या यंत्राचेही कूळ पाहिले, तर निवडीचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो, असे आम्हांस वाटते.

'एस्प्रेसो' या इटालियन शब्दाच्या मुळाशी दाबून बाहेर काढण्याचा अर्थ आहे. त्याला त्वरेची, आणि मागणाऱ्यासाठी खास त्याच वेळी करून देण्याचीही छटा आहे. या तिन्ही अर्थांचा इतिहास यंत्रात उतरलेला दिसतो. 1884 साली तुरीन येथील प्रदर्शनात आंजेलो मोरिओन्दो यांनी वाफेच्या जोरावर कॉफी करणारे एक यंत्र मांडले आणि त्याचे एकस्वही घेतले. परंतु ते एकाच वेळी पुष्कळ कॉफी करणारे होते. मिलान येथील लुइजी बेझेरा यांनी 1901 साली निराळी युक्ती योजिली. कॉफीची पूड दांडीच्या लहानशा चाळणीत भरायची, ती दांडी यंत्राला अडकवायची आणि एका गिऱ्हाइकाचा एकच पेला त्याच्या डोळ्यांसमोर काढायचा. देसिदेरियो पावोनी यांनी बेझेरांचे हक्क विकत घेतले आणि 1905 पासून अशी यंत्रे कारखान्यात तयार होऊ लागली.

या यंत्रांत एक मोठी उणीव होती. पाणी ढकलण्याचे काम वाफ करीत असे. वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दीडपट ते दुप्पट एवढाच मिळे आणि उष्णता मात्र अतोनात असे. परिणामी कॉफी करपट व कडू उतरे. ही उणीव दूर केली ती मिलानच्याच आकिले गाज्जिया यांनी. 1938 साली त्यांनी पहिले एकस्व घेतले. महायुद्धाचा काळ मध्ये गेला आणि 1948 च्या सुमारास त्यांची तरफेची यंत्रे बाजारात आली. तरफ खाली ओढली की आतील स्प्रिंग दबते. ती सोडली की स्प्रिंग सैल होताना दट्ट्या पाण्याला पुडीतून रेटतो. दाब एकदम हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पटींपर्यंत गेला आणि वाफेला पुडीपाशी येण्याचे कारणच उरले नाही. पेल्यावर सोनेरी तपकिरी रंगाचा दाट थर दिसू लागला. कॉफीतील तेले आणि भाजलेल्या दाण्यांत कोंडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांच्या मिलाफाने तो थर बनतो. गाज्जिया यांनी त्याला कॉफीची साय म्हणून नावाजले. पुढे 1961 साली फाएमा कंपनीच्या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला. आज आपण ज्याला एस्प्रेसो म्हणावे, ते या दाबाचे अपत्य आहे. वाफ त्यात दूध फेसविण्यापुरती उरली.

आता लग्नमंडपातील यंत्राकडे पुन्हा पाहावे. त्यात वाफ आहे, फेस आहे, फूत्कार आहे. परंतु ताजी दळलेली कॉफी नाही आणि तिला दाबणेही नाही. म्हणजे इटलीच्या यंत्राचे दूध तापविणारे अंग तेवढे आपल्याकडे आले, आणि नाव मात्र सबंध यंत्राचे आले. यात कोणाची फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही. चारशे माणसांच्या मांडवात दूध हेच मुख्य आणि कॉफी सुगंधापुरती, ही सोय आपल्या समाजाने आपल्या गरजेतून निर्माण केली आहे. परंतु घरासाठी यंत्र घेणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेविला नाही, तर तोही वाफच विकत घेईल.

घरगुती यंत्राची कथा थोडी निराळी आहे. इटलीतही एस्प्रेसो बराच काळ दुकानातील पेय होते. घरी आली ती आल्फोन्सो बियालेत्ती यांची 1933 सालची मोका नावाची अॅल्युमिनियमची अष्टकोनी किटली. खालच्या भांड्यातील पाणी वाफेच्या रेट्याने पुडीतून वर चढते. ती स्वस्त, सुटसुटीत, चुलीवर ठेवता येणारी. परंतु दाबाच्या दृष्टीने ती बेझेरांच्या काळातीलच. खऱ्या दाबाचे लहान तरफयंत्र पावोनी कंपनीने 1961 च्या सुमारास घरासाठी आणले. तेच वर्ष आपल्या इतिहासातही कायमचे कोरले गेले आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधीच्या नाकेबंदीच्या काळात पेडण्याची सावंतवाडीकडील आणि डिचोलीची दोडामार्गाकडील वाट बंद पडली होती. 1955 च्या ऑगस्टमध्ये पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, ती जागा याच सीमेवर आहे. सीमा उघडली आणि घाटावरील माल पुन्हा मोकळेपणाने खाली उतरू लागला.

या पेयाशी गोव्याचे नाते मात्र त्याहून फार जुने असावे. विल्यम युकर्स यांचा कॉफीविषयीचा मोठा ग्रंथ 1922 साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी नोंद आहे की, 1760 साली जुआंव आल्बेर्तु काश्तेलु ब्रांकु या गृहस्थाने गोव्याहून आणलेले कॉफीचे झाड रिओ द जानेरो येथे लाविले. ब्राझीलमधील दुसरी परंपरा ते रोप त्याच देशाच्या उत्तरेकडील मारन्यांव प्रांतातून आले असे सांगते. आणि ब्राझीलच्या उत्तर भागात कॉफी 1727 पासून होतीच. दोन्ही पक्ष वाचकांपुढे ठेवून आम्ही निवाडा करण्याचे टाळतो. पोर्तुगीज गलबतांच्या वाटेवर गोवा आणि ब्राझील ही दोन्ही ठिकाणे होती, एवढे तर निश्चित. इकडे चिकमगळूरच्या डोंगरात सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया आणून लाविल्या, अशी कथा आहे. आज त्याच कर्नाटकातील कॉफीचा मोठा वाटा परदेशी जातो, आणि भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक इटली आहे. आपल्या घाटावरील दाणा इटलीत जाऊन एस्प्रेसो होतो आणि इटलीचे यंत्र आपल्या ओट्यावर येते. ही देवघेव ठाऊक असली की परदेशी डब्यातील पुडीसाठी दामदुप्पट मोजण्याचा मोह आवरतो.

आता निवडीविषयी. पहिली गोष्ट चक्कीची. यंत्र साधे असले तरी चालते, चक्की साधी असून चालत नाही. नऊपट दाबाचे पाणी पुडीतून पंचवीस ते तीस सेकंदांत उतरावयाचे, तर पूड बारीक आणि सर्वत्र सारखी हवी. मिक्सरच्या पात्याने ती कधीच सारखी होत नाही. दाते असलेली चक्कीच लागते. बाजारातील फिल्टरची पूड गाळणीसाठी दळलेली असते, शिवाय तिच्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. ती येथे उपयोगाची नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. खोक्यावर '15 बार' असे ठळक छापलेले असते. तो पंपाच्या ताकदीचा आकडा. पुडीवर नऊच्या आसपास दाब पडला की काम झाले. मात्र कित्येक स्वस्त यंत्रांत पंपच नसतो, केवळ वाफेवर ती चालतात. ती म्हणजे लग्नमंडपाचेच धाकटे भावंड. दुकानदारास पंप आहे काय, एवढे स्पष्ट विचारावे. चाळणी दोन प्रकारची असते. एका प्रकारात खाली एकच बारीक छिद्र असून पूड कशीही असली तरी फेस दिसतो; दुसरी साधी असून तिच्यात पुडीचे गुणदोष उघडे पडतात. शिकावयाचे असेल त्याने साधी चाळणी मिळते की नाही हे पाहावे.

तिसरी गोष्ट आपल्या प्रदेशाची. ही यंत्रे साधारण 1000 ते 1500 वॉट वीज ओढतात. दिव्या-पंख्यापुरता घेतलेला इन्व्हर्टर तो भार सोसत नाही. जांभ्याच्या भूमीतील पाणी बहुधा मृदू असल्यामुळे क्षारांची पुटे कमी धरतात, हे आपले भाग्य. परंतु पावसाळ्यातील दमट हवेत भाजलेले दाणे लवकर उतरतात. यास्तव जून ते सप्टेंबरपर्यंत दाणे थोडे थोडे आणावे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि लागतील तेवढेच दळावे.

आस्वादाची रीत सोपी आहे. दुहेरी पेल्यासाठी सोळा-सतरा ग्रॅम पूड घ्यावी, ती समतल दाबावी, आणि तिच्या सुमारे दुप्पट वजनाचा अर्क उतरू द्यावा. धार पंधरा सेकंदांतच संपली आणि चव आंबट लागली, तर पूड अधिक बारीक करावी; थेंब थेंब उतरून कडवट झाली, तर जाड करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दूध फेसवून झाले की नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी. आत राहिलेले दूध नासते. उरलेला चोथा कुजवून कुळागरात घालावा.

येथवर सारे यंत्राच्या बाजूचे झाले. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. बेझेरांच्या युक्तीचा गाभा एक माणूस, एक पेला हा होता. आपल्या घरांचे आतिथ्य पंगतीचे आहे. एका परिचितांच्या घरी आम्ही चतुर्थीला गेलो होतो. माटोळीखाली गणपती विराजमान, ओसरीवर तीसेक माणसे, आणि ओट्यावर नवे चकचकीत यंत्र. प्रत्येक दुधाच्या पेल्यास तीन मिनिटे धरली, तरी तीस पेल्यांना दीड तास लागावा. घरच्या तरुण सूनबाई पाचव्या पेल्याशीच घामाघूम झाल्या. तेव्हा सासूबाई काही न बोलता उठल्या. धने-जिरे भाजून केलेली कषायाची पूड त्यांनी मोठ्या पातेल्यात टाकली, गूळ घातला, दूध ओतले, आणि पाव तासात सर्वांच्या हातात पेले आले. यात यंत्राचा पराभव झाला असे कोणास वाटले नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर त्याच सूनबाईंनी सासूबाईंसाठी एकच पेला काढून दिला, आणि दोघी ओसरीवर बसून बराच वेळ बोलत राहिल्या.

यंत्र घेणाऱ्याने आपल्या घरात रोज किती माणसे कॉफी घेतात हे आधी मोजावे. दोघे-तिघे असतील आणि सकाळची दहा मिनिटे मोकळी असतील, तर लहान पंपाचे यंत्र आणि चांगली चक्की खुशाल घ्यावी. माणसे अधिक असतील, तर पितळेचा फिल्टर आजही तितकाच चोख काम देतो. दिवाणखान्यात दिसावे म्हणून घेतलेले यंत्र दोन पावसाळ्यांत गंजते. आणि यंत्र आले म्हणून कषायाचे पातेले माळ्यावर टाकू नये. दारी आलेल्या माणसास 'येयात, बसात' म्हणून आत बोलाविल्यावर त्याच्या हातात काहीतरी ऊन ऊन पडावे, ही आपली परंपरा. एकटा असेल तेव्हा पेला, आणि घर भरलेले असेल तेव्हा पंगत. हा विवेक राखला, तर यंत्राची निवड चुकणार नाही.