परिचयवृत्त, तंत्रज्ञ व व्यवस्थापकांचे

नोकरी किंवा अधिकारपद मिळविण्यासाठी उमेदवार स्वतःचे शिक्षण, अनुभव, कौशल्ये व कामगिरी ह्यांची जी संक्षिप्त लेखी माहिती नियोक्त्यापुढे मांडतो, तिला परिचयवृत्त म्हणतात. व्यवहारात ते ‘बायोडाटा’, ‘रेझ्युमे’ किंवा ‘सीव्ही’ ह्या नावांनी ओळखले जाते. ‘रेझ्युमे’ ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सारांश’ असा असून ‘सीव्ही’ हे ‘करिक्युलम व्हीटे’ म्हणजे ‘आयुष्याची वाटचाल’ ह्या लॅटिन संज्ञेचे लघुरूप होय. भारतात ‘बायोडाटा’ हा शब्द विवाह जुळविताना दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रासही रूढ आहे. नोकरीच्या जुन्या बायोडाटांतही वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती असे तपशील असत, हे पाहता दोहोंतील अंतर फारसे नव्हते. परिचयवृत्त हे उमेदवाराने स्वतःच स्वतःविषयी केलेले विधान असल्याने त्याच्या इतिहासात एक प्रश्न सातत्याने आढळतो : ह्या विधानाची हमी कोणी द्यावयाची?

पूर्वेतिहास : तंत्रज्ञाने लिहिलेल्या परिचयवृत्ताचे प्रसिद्ध आद्य उदाहरण म्हणून लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) ह्याच्या एका पत्राचा निर्देश केला जातो. मिलानचा सत्ताधीश लोदोव्हीको स्फोर्त्सा ह्याला उद्देशून सु. १४८२ मध्ये लिहिलेल्या ह्या पत्राचा मसुदा ‘कोडेक्स अटलांटिकस’ ह्या हस्तलिखितसंग्रहात असून तो संग्रह मिलान येथील अँब्रोझियन ग्रंथालयात आहे. पत्रात क्रमांक घालून दहा मुद्दे मांडलेले आहेत. सहज वाहून नेता येणारे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याचे उपाय, भुयारे, तोफा, आच्छादित युद्धगाडे अशा युद्धोपयोगी कौशल्यांना अग्रस्थान असून शांततेच्या काळातील वास्तुरचना व पाणी वाहून नेण्याची कामे दहाव्या मुद्द्यात येतात. शिल्पकला व चित्रकला ह्यांचा उल्लेख तर त्यानंतर येतो. मिलानच्या सत्ताधीशाची गरज कोणती, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे. ह्यांपैकी कोणतेही काम अशक्य वाटल्यास ते प्रत्यक्ष करून दाखविण्याची तयारीही लेखकाने अखेरीस दर्शविली आहे. वाचणाऱ्याची गरज जाणून केलेली निवड व दाव्याची परीक्षा देण्याची तयारी, ही परिणामकारक परिचयवृत्ताची दोन्ही लक्षणे येथे एकत्र दिसतात.

वशिला आणि परीक्षा : दीर्घकाळ उमेदवाराच्या स्वतःच्या शब्दापेक्षा प्रतिष्ठित व्यक्तीच्या शिफारसपत्राला अधिक वजन होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतील नेमणुका संचालकांच्या मर्जीनुसार होत. मेकॉले समितीच्या १८५४ च्या अहवालानंतर १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली आणि ह्या सेवेपुरती वशिल्याची जागा गुणांकनाने घेतली. खाजगी क्षेत्रात मात्र ओळखीपाळखीचे महत्त्व टिकून राहिले. स्वतंत्र भारतात १९५९ च्या सेवायोजन कार्यालये कायद्याने विशिष्ट आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. अशा जागांची वार्ता ओळखीच्या वर्तुळाबाहेरील उमेदवारांपर्यंत पोहोचावी, हा त्यामागील हेतू होता.

व्यक्तिगत तपशिलांची गच्छंती : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील परिचयवृत्तांतही वय, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची-वजन व छायाचित्र आढळत असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ ह्यांवरून आणि १९६७ च्या कायद्याने वयावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. परिणामी हे तपशील हळूहळू गळाले आणि परिचयवृत्त कामाशी निगडित माहितीपुरते मर्यादित होत गेले. सर्वांत अलीकडील पद प्रथम देऊन मागे जाणारा उलट कालक्रम हीच त्याची सर्वमान्य रचना ठरली.

तंत्रज्ञांचे परिचयवृत्त : संगणकक्षेत्रात पदवीइतकेच प्रत्यक्ष हाताळलेल्या साधनांना महत्त्व असल्याने तंत्रज्ञांच्या परिचयवृत्तात संगणकभाषा, प्रणाली व प्रकल्प ह्यांच्या याद्या आल्या. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (१९६८) व पुणे येथे स्थापन झालेली इन्फोसिस (१९८१) अशा कंपन्यांबरोबर सेवानिर्यातीचा व्यवसाय वाढला. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने ‘एच-१बी’ परवान्याची सोय केली. परदेशी ग्राहकाकडे अभियंत्याचे परिचयवृत्त पाठवून त्याची संमती घेण्याच्या पद्धतीमुळे हा कागद उमेदवाराचा न राहता काही अंशी कंपनीचाच व्यापारी दस्तऐवज बनला. प्रकल्पाचे नाव, कालावधी, संघाचा आकार, वापरलेली साधने व स्वतःची भूमिका असा ठरावीक आराखडा त्यातून रूढ झाला. बनावट अनुभवाच्या तक्रारीही ह्याच ओघात पुढे आल्या. त्यावर उपाय म्हणून ‘नॅसकॉम’ ह्या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ ही पडताळणी केलेल्या माहितीची नोंदवही सुरू झाली.

अशा परिचयवृत्तातील सर्वसाधारण दोष म्हणजे साधनांची लांबलचक यादी. यादीवरून उमेदवाराला काय ठाऊक आहे ते कळते. त्याने काय केले ते कळत नाही. ‘विदागाराच्या देखभालीची जबाबदारी होती’ हे केवळ पदाचे वर्णन होय. ‘विदागाराची पुनर्रचना करून रोजचा अहवाल सहा तासांऐवजी चाळीस मिनिटांत तयार होईल अशी व्यवस्था केली’ ह्या विधानात कृती, परिमाण व परिणाम असे तिन्ही घटक आहेत आणि मुलाखतीत त्याची उलटतपासणी करता येते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’सारख्या संकेतस्थळांमुळे तर लिहिलेली आज्ञावलीच पुरावा म्हणून दाखविणे शक्य झाले.

उच्चाधिकाऱ्यांचे परिचयवृत्त : वरिष्ठ व्यवस्थापकांच्या परिचयवृत्तात साधनांपेक्षा जबाबदारीच्या व्याप्तीला महत्त्व असते. हाताखालील मनुष्यबळ, अंदाजपत्रक, नफ्यातोट्याचे उत्तरदायित्व, संस्थेला कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत नेले ह्याचा वृत्तांत, असे त्याचे घटक होत. अशा पदांसाठी व्यक्ती शोधून देणाऱ्या व्यावसायिक संस्था अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आल्या. शिकागोतील हाइड्रिक अँड स्ट्रगल्स (१९५३) ही त्यांपैकी एक. मोठ्या पदावरील व्यक्तीचा कागद मात्र बारकाईने तपासला जातोच असे नाही. जानेवारी २०१२ मध्ये ‘याहू’ कंपनीचे प्रमुख झालेले स्कॉट टॉमसन ह्यांच्या परिचयात लेखाशास्त्राबरोबर संगणकशास्त्राच्या पदवीचा उल्लेख होता. पदवी केवळ लेखाशास्त्राची होती. एका भागधारक गुंतवणूकसंस्थेने ही विसंगती उघडकीस आणल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना पद सोडावे लागले.

यांत्रिक छाननी : परिचयवृत्तांचे यंत्राने वाचन करून त्यांतील कौशल्ये वेगळी काढणाऱ्या प्रणाली १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाल्या. पुढे ‘मॉन्स्टर बोर्ड’ (१९९४), भारतातील ‘नोकरी डॉट कॉम’ (१९९७) व ‘लिंक्डइन’ (२००३) ह्यांमुळे अर्ज करणे सुलभ झाले, अर्जांची संख्या अफाट वाढली आणि यंत्राची मदत अपरिहार्य ठरली. परिचयवृत्ताचा पहिला वाचक अनेकदा मनुष्य उरला नाही. साधी मांडणी, रूढ शीर्षके व जाहिरातीतील नेमके शब्द वापरण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

यंत्र निःपक्षपाती असते, हा समज मात्र टिकला नाही. ‘ॲमेझॉन’ने २०१४ पासून विकसित केलेली एक छाननीप्रणाली आधीच्या दहा वर्षांत आलेल्या, बहुतांशी पुरुषांच्या, अर्जांवरून शिकल्यामुळे स्त्रियांच्या परिचयवृत्तांना कमी लेखू लागली. कंपनीने ती सोडून दिल्याचे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने नोकरभरतीतील अशा प्रणालींचा समावेश उच्च जोखमीच्या वर्गात केला आहे.

नावाचा परिणाम : सर्व व्यक्तिगत तपशील वगळले, तरी परिचयवृत्ताच्या शिरोभागी नाव उरतेच. अमेरिकेत बर्ट्रंड व मुल्लैनाथन ह्यांनी बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सु. ५,००० काल्पनिक परिचयवृत्ते पाठविली. गोऱ्यांमध्ये रूढ असलेल्या नावांना कृष्णवर्णीयांमध्ये रूढ असलेल्या नावांपेक्षा सु. ५०% अधिक प्रतिसाद मिळाल्याचे त्यांनी २००४ मध्ये दाखविले. भारतात सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल ह्यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवून असाच अभ्यास केला (२००७). समान पात्रता असूनही दलित व मुस्लिम नावांच्या उमेदवारांना मुलाखतीची संधी मिळण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत कमी आढळली. दिल्ली परिसरात झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात संगणक-आज्ञावली क्षेत्रातील नोकऱ्यांसाठी जातिनिहाय असा लक्षणीय फरक आढळला नाही. दूरध्वनी-सेवाकेंद्रांतील नोकऱ्यांत मात्र काही प्रमाणात तो दिसला. मोजून पाहण्याजोगे कौशल्य जेथे निर्णायक असते, तेथे आडनावाचा प्रभाव कमी होत असावा, असे ह्यावरून अनुमान करता येते. ते अंतिम मानता येत नाही.

परिचयवृत्ताच्या ह्या प्रवासात हमीदार बदलत गेले : आश्रयदाता, शिफारस करणारा, परीक्षक, पडताळणी करणारी संस्था व अखेरीस यंत्र. ह्यांपैकी कोणीही पूर्णतः निर्दोष ठरलेला नाही. तथापि ज्याच्या पाठीशी वशिला नाही, अशा उमेदवाराच्या हाती असलेले साधन हेच आहे. म्हणून परिचयवृत्ताचे सामर्थ्य त्यातील विशेषणांवर अवलंबून नसून, त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहण्यास उमेदवार कितपत तयार आहे आणि नियोक्ता ते नावाकडे न पाहता कितपत तपासतो, ह्यांवर अवलंबून असते.