टीडीसी कसा शोधायचा आणि कॅमशाफ्ट डिग्री कसा करायचा? संपूर्ण माहिती सोप्या भाषेत

बाईकमध्ये परफॉर्मन्स कॅम बसवतानाचे रील्स तुम्ही पाहिले असतील. एक जण क्रँकवर अंशांची गोल चकती लावतो, इंजिन हाताने फिरवतो, कागदावर दोन-चार आकडे लिहितो आणि पुढच्याच कटमध्ये इंजिन सुरू! मधे नेमकं काय झालं, हे कोणी सांगतच नाही. पण हाच मधला भाग चुकला तर वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतो आणि खर्च कॅमच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पण माझ्या मामांचं गॅरेज आहे आणि सुट्टीत माझा बराच वेळ तिथेच जातो. आज आपण हा मधला भाग नीट समजून घेऊ. उदाहरण म्हणून आपल्याकडे सगळीकडे दिसणारं १०० सीसीचं, एका सिलिंडरचं, ओव्हरहेड कॅमचं चार स्ट्रोक इंजिन घेऊ.

टीडीसी म्हणजे काय?

टीडीसी म्हणजे टॉप डेड सेंटर. पिस्टन सिलिंडरमध्ये सगळ्यात वर पोहोचतो तो क्षण. इंजिनातलं सगळं टायमिंग इथून मोजतात, म्हणजे हा आपला शून्य अंश.

चार स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेऱ्या मारतो, तेव्हा कॅम एक फेरी मारतो. त्यामुळे एका पूर्ण चक्रात, म्हणजे क्रँकच्या ७२० अंशांत, पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही वॉल्व बंद असतात आणि टॅपेट हाताला सैल लागतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा दोन्ही वॉल्व थोडे थोडे उघडे असतात. या स्थितीला ओव्हरलॅप म्हणतात.

फ्लायव्हीलवरची टी खूण पुरत नाही का?

साध्या सर्व्हिसिंगला पुरते. टॅपेट सेट करताना टी खूण जुळवली की काम झालं. पण कॅम डिग्री करताना आपल्याला एकेक अंश मोजायचा असतो, आणि टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ थांबलेलाच असतो.

थोडं गणित करू. स्ट्रोक ४९.५ मिमी असेल तर टीडीसीपासून क्रँक १ अंश फिरल्यावर पिस्टन ०.००५ मिमीच्या आसपास खाली येतो. हे डोळ्याला दिसत नाही आणि साध्या डायल गेजलाही कळत नाही. प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून अंदाज घेतला तर पाच-सात अंश सहज इकडे तिकडे होतात. तेच ३५ अंशांवर पिस्टन दर अंशाला साधारण ०.३ मिमी सरकतो. म्हणून युक्ती अशी, की टीडीसी टीडीसीवर शोधायचाच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना मोजायचं आणि मधला बिंदू काढायचा.

पिस्टन स्टॉपची पद्धत

लागणारं सामान: डिग्री व्हील, तारेचा पॉइंटर आणि पिस्टन स्टॉप. जुन्या प्लगमधलं पोर्सेलिन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला की स्टॉप तयार होतो.

१. हे काम कॅम चेन जोडण्याआधी, दोन्ही वॉल्व बंद ठेवून करा. नाहीतर क्रँक उलटा फिरवताना उघडा वॉल्व स्टॉपला अडकू शकतो. चेन तारेने वर ओढून धरा, म्हणजे ती खाली पडून अडकणार नाही.

२. अंदाजे टीडीसीवर क्रँक आणा, व्हील घट्ट बसवा आणि पॉइंटर शून्यावर ठेवा.

३. पिस्टन थोडा खाली घ्या आणि स्टॉप बसवा.

४. क्रँक पान्याने हळूच फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की आकडा लिहा. मग उलट्या दिशेने फिरवा, पुन्हा टेकला की दुसरा आकडा लिहा. किक किंवा सेल्फ अजिबात मारायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

समजा एका बाजूला टीडीसीआधी ३२ आणि दुसऱ्या बाजूला टीडीसीनंतर ३८ आले. बेरीज ७०, निम्मे ३५. म्हणजे आपला शून्य ३ अंशांनी चुकला होता. पॉइंटर ३ अंश सरकवा आणि पुन्हा मोजा. दोन्हीकडे ३५ आले की खरा टीडीसी सापडला. आता स्टॉप काढायचा, पण व्हील आणि पॉइंटर शेवटपर्यंत हलवायचे नाहीत.

कॅम डिग्री करणं म्हणजे काय?

कॅमसोबत एक कार्ड येतं. त्यावर वॉल्व कधी उघडतो, कधी बंद होतो आणि इनटेकची सेंटरलाइन कुठे आहे, हे क्रँकच्या अंशांत दिलेलं असतं. बसवलेला कॅम खरंच तिथे आहे का, हे तपासणं म्हणजे डिग्री करणं.

खुणा जुळल्या तरी फरक का पडतो? ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो. चेनची ओढणारी बाजू तेवढीच लांब राहते, त्यामुळे कॅम मागे पडतो. कॅम स्प्रॉकेटची त्रिज्या ३० मिमी धरली, तर हेड ०.५ मिमी घासल्यावर कॅम साधारण १ अंश, म्हणजे क्रँकच्या हिशोबात २ अंश मागे जातो. ताणलेल्या चेननेही हेच होतं.

चेनचा एक दात चुकणं ही तर फार मोठी गोष्ट. स्प्रॉकेटला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे १० आणि क्रँकचे २० अंश!

सेंटरलाइन कशी मोजायची?

चेन जोडा आणि टेन्शनर लावा, ढिल्या चेनवर मोजून उपयोग नाही. इनटेकच्या टॅपेटचा गॅप शून्य करा. डायल गेजचं टोक वॉल्वच्या रिटेनरवर, वॉल्वच्या दांड्याला समांतर टेकवा.

इंजिन नेहमी ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. वॉल्व पूर्ण उघडला की गेज शून्यावर आणा. वॉल्व तिथे पोहोचायच्या १ मिमी आधी व्हीलवरचा आकडा लिहा आणि शिखर ओलांडून १ मिमी उतरल्यावर दुसरा आकडा लिहा. आकडा हुकला तर पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या, म्हणजे चेनमधला ढिलेपणा मोजमापात येणार नाही.

समजा टीडीसीनंतर ६६ आणि १४६ आले. सरासरी १०६. कार्डवर १०४ असेल तर कॅम २ अंश मागे आहे. लक्षात आलं का? युक्ती तीच, दोन्हीकडे मोजा आणि मध्य घ्या.

कार्डवर फक्त उघडणं-बंद होणं दिलं असेल तरी सेंटरलाइन काढता येते. वॉल्व टीडीसीआधी १२ अंशांवर उघडतो आणि खालच्या डेड सेंटरनंतर ४० अंशांवर बंद होतो असं धरू. एकूण काळ १२ + १८० + ४० = २३२ अंश. निम्मे ११६, त्यातून १२ वजा, उत्तर १०४. मात्र कॅमच्या लोबच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील तर सेंटरलाइनवर थांबू नका. कार्डवर दिलेल्या लिफ्टला उघडण्याचे आणि बंद होण्याचे अंशही तपासा.

चूक निघाली तर?

आडव्या लांबट भोकांचं ॲडजस्टेबल स्प्रॉकेट मिळतं. २ अंशांच्या दुरुस्तीसाठी कॅम १ अंश फिरवायचा. बोल्ट केंद्रापासून १५ मिमीवर असेल तर हे सरकणं फक्त ०.२६ मिमी आहे. म्हणून साध्या स्प्रॉकेटची भोकं अंदाजाने कानशीने घासण्याच्या फंदात पडू नका.

कॅम पुढे घेतला की इनटेक वॉल्व लवकर बंद होतो आणि कमी आरपीएमला ओढ चांगली मिळते. मागे नेला की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते.

शेवटची तपासणी, ही सोडू नका

पिस्टनवर मातीचा पातळ थर ठेवा, मूर्तिकामाची ऑइल क्ले चालते. हेड जुन्या गॅस्केटसह बसवा, चेन लावा, टॅपेट गॅप ठेवा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. मग हेड काढून माती सगळ्यात पातळ कुठे झाली ते मोजा. कॅम पुढे घेतला तर इनटेक वॉल्व पिस्टनच्या जवळ येतो, मागे गेला तर एक्झॉस्ट.

मामांकडे एका कॉलेजच्या मुलाने पार्ट-टाइम डिलिव्हरी करून साठवलेल्या पैशांतून कॅम आणला होता. हेड आधीच घासलेलं होतं. सगळ्या खुणा जुळत होत्या, तरी एक्झॉस्टकडचं अंतर कार्डवरच्या किमान आकड्यापेक्षा कमी आलं. कॅम २ अंश पुढे घेतल्यावर ते पुरेसं झालं. न मोजता किक मारली असती तर त्याचे पैसे तिथेच बुडू शकले असते.

फोन कुठे कामाला येतो?

डायल गेज आणि डिग्री व्हील एकाच फ्रेममध्ये घेऊन व्हिडिओ काढा, मग थांबवून आकडे वाचा. कॅमेरा पॉइंटरच्या बरोबर समोर हवा, तिरका धरला तर एखाद-दोन अंश चुकीचे दिसतात. सगळे आकडे शीटमध्ये लिहा आणि प्रत्येक मोजमाप तीनदा घ्या. तिन्ही आकडे जुळत नसतील तर आधी व्हील किंवा पॉइंटर हलला का ते बघा.

माझ्या गाडीला हे करायला हवं का?

गाडी स्टॉक असेल आणि फक्त चेन किट बदलत असाल तर नाही. कंपनीच्या खुणा नीट जुळवा, बस्स. कॅम बदललाय, हेड घासलंय किंवा वेगळा पिस्टन टाकलाय, तर मात्र मेकॅनिकला किक मारण्याआधी एकच प्रश्न विचारा: "दादा, सेंटरलाइन किती आली?"