पिंजरा स्वच्छ होता, तरीही



गेल्या श्रावणात आमच्या स्वयंपाकघरात उंदीर झाले. आमच्याकडे विषाच्या गोळ्या नाहीत, चिकटणारा पुठ्ठाही नाही. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा अडकवायचा आणि सापडलेला उंदीर लांब माळावर सोडून यायचा, ही सासूबाईंपासूनची रीत. त्या रात्री दहाच्या सुमारास खटका पडला. बाहेर धो धो पाऊस, हे झोपलेले. मी म्हटले, सकाळी सोडू. सकाळी पाहते तर तो कोपऱ्यात थरथरत बसलेला, रात्रभर तारांवर धडका देऊन नाक सोललेले. नात म्हणाली, "आजी, आपण त्याला मारलं नाही ना? मग त्याला लागलं कसं?"

मला उत्तर देता आले नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. मारहाण दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला आहे बंध, म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणे. इतकी वर्षे म्हणत आले, पण मनात गोठ्यातली गाय असायची, उंदीर कधी आला नाही.

माझी भाची औषधनिर्माणशास्त्र शिकवते. तिला फोनवर हे सांगितले, तर ती म्हणाली, "मावशी, कोंडलेल्या उंदराचं काय होतं, यावर शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं काम केलंय." तिने पाठवलेले वाचत गेले. ते तुम्हाला सांगावेसे वाटले.

प्रयोगशाळेतला पिंजरा माणसाच्या सोयीने बनला. लहान, धुवायला सोपा, एकावर एक रचता येणारा. दाणापाणी वेळेवर, स्वच्छता चोख. त्यापुढे उंदराला आणखी काय हवे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

१९४० च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी काही उंदीर घरी नेले. त्यांच्या मुलींनी ते पाळले, घरात हिंडू दिले. पुढे भूलभुलैयातून वाट काढायची परीक्षा घेतली, तेव्हा घरात वाढलेले हे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा सरस ठरले. १९४७ साली हेब यांनी हे मांडले.

मग अमेरिकेत बर्कलीला मार्क रोझेनझ्वाइग, डेव्हिड क्रेच, एडवर्ड बेनेट आणि मेरियन डायमंड यांनी पद्धतशीर तुलना केली. काही उंदीर मोठ्या पिंजऱ्यात एकत्र ठेवले, त्यांना शिड्या, चाके, खेळणी दिली आणि ती वरचेवर बदलली. काही लहान पिंजऱ्यात एकेकटे ठेवले. अन्नपाणी सर्वांना सारखेच. सुमारे ८० दिवसांनी पाहिले, तर सोबत आणि खेळ मिळालेल्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर सुमारे ६ टक्के जाड भरला. मी बी.कॉम. झालेली, ६ टक्के म्हटले की मला मुदत ठेवीचे व्याज आठवते. पण इथे केवळ घर बदलल्यामुळे मेंदू बदलला होता.

हा निष्कर्ष १९६४ साली प्रसिद्ध झाला. डायमंडबाई चार मुलांची आई. भरसभेत त्यांनी तो मांडला, तेव्हा एक गृहस्थ उठून मोठ्याने म्हणाले की मेंदू बदलूच शकत नाही. बाईंनी शांतपणे सांगितले की प्रयोग दोनदा करून पाहिला आहे. पुढे त्यांना उतारवयातल्या उंदरांवर काम करायचे होते, पण ते तेवढे जगत नव्हते. तेव्हा त्यांना रोज हातात घेऊन कुरवाळायला सुरुवात केली. त्यातले काही ९०४ दिवसांपर्यंत जगले.

हे वाचून मला आनंद झाला आणि लगेच तो ओसरलाही. कारण मेंदूचा थर मोजायचा तर उंदराला मारावे लागते. मायेचा परिणाम हिंसेने मोजलेला होता. हे झाकून ठेवून मला तुम्हाला ही गोष्ट सांगता येणार नाही.

उंदराच्या स्वतःच्या सुखदुःखाचा विचारही याच काळात सुरू झाला. १९५९ साली इंग्लंडमध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी पुस्तक लिहून तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरा उपाय मिळत असेल तर तो वापरा, प्राणी लागलेच तर कमीत कमी घ्या, आणि घेतलेल्यांचा त्रास शक्य तितका घटवा. पुढे घटवायचा त्रास कुठे कुठे दडलेला आहे, ते कळत गेले. लहान जातीच्या उंदरांना ३० अंशांच्या आसपासची ऊब हवी असते, आणि प्रयोगशाळेत तापमान साधारण २० ते २४ अंश ठेवतात. मूठभर कागदाच्या पट्ट्या दिल्या की ते आपले घरटे आपण विणतात आणि ऊब धरतात. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवले की शेपटी धरून उचललेला उंदीर फार घाबरतो. ओंजळीत किंवा नळीतून उचलला तर बराच कमी.

आपल्याकडे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे, आणि १९९८ च्या नियमांनी प्रयोगशाळांना नोंदणी सक्तीची केली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ पासून बंदी आहे.

औषधांचे मात्र तसे नाही. मी रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते. तशा गोळ्या माणसाला देण्याआधी प्राण्यांना देऊन पाहिलेल्या असतात. मी ती सोडणार नाही, सोडा असे तुम्हालाही म्हणणार नाही. पण "आम्ही मुंगीसुद्धा मारत नाही" असे म्हणताना आता माझा आवाज खाली येतो. रात्री आलोचना म्हणताना त्या न पाहिलेल्या जिवांची आठवण काढते.

आणि घरातला नियम बदलला आहे. पिंजरा लावायचा तो कोणीतरी जागे असेपर्यंतच. झोपायच्या आधी दार बांधून उघडे ठेवायचे. खटका पडला की पाऊस असो वा नसो, लगेच सोडून यायचे. परवा रात्री साडेनऊला हे छत्री घेऊन निघाले, नात बॅटरी धरून पुढे. उंदीर गवतात पळाला तेव्हा ती म्हणाली, "याचं नाक चांगलं आहे, आजी."

तुमच्याकडे काय रीत आहे, जरूर कळवा.