जेव्हन्स यांचे उद्योग

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स १८५४ मध्ये सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस पाहायला गेले, तेव्हा ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. फावल्या वेळात हवामानाच्या नोंदी ठेवायच्या आणि कॅमेरा घेऊन भटकायचे! पुढे मँचेस्टर आणि लंडनमध्ये ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तरी असले उद्योग थांबले नाहीत.

१८६९ मध्ये त्यांनी सॅलफर्डच्या एका घड्याळजीकडून तर्कशास्त्राचा 'पियानो' करवून घेतला. कळा दाबून विधाने भरत गेले की त्यांच्याशी न जुळणारे पर्याय नजरेआड होत आणि उरेल तो निष्कर्ष. संगणकाच्या पूर्वजांत आज त्याची गणना होते.

आकाशाच्या नादाने मात्र त्यांना भलतीकडे नेले. सूर्यावरचे डाग आणि बाजारातली मंदी, दोन्हींचे चक्र साधारण साडेदहा वर्षांचे, असे त्यांनी मांडले. डागांच्या चढउतारामुळे हिंदुस्थानातली पिके बुडतात, रयतेकडे पैसा उरत नाही, मग विलायती माल पडून राहतो. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन होरपळली होती, त्यामुळे कल्पना अगदीच हवेतली नव्हती. पण चक्रे जुळवताना त्यांनी आकड्यांची ओढाताण केली, आणि ती लपली नाही.

१८८२ मध्ये हेस्टिंग्जजवळ समुद्रात पोहताना ते बुडाले, वय ४६. घरात पुस्तकांचे ढीग होतेच, शिवाय खाकी कागदाचा साठा एवढा, की पन्नास वर्षांनीही मुलांना तो संपवता आला नव्हता, असे अर्थशास्त्रज्ञ केन्सने नोंदवले आहे.